हात खिशात ठेवायचा दिवस

४ जून

मावशे,

फोन नको, पत्र लिही, असा तुझा हुकूम. कारण काय, तर फोनवर मी "हं, हं" करता करता घोरायला लागते आणि तू बिचारी माझ्या घोरण्यालाच तुझ्या शिकाऊ ड्रायव्हरांच्या करामती ऐकवत बसतेस. मान्य आहे. हे घे पत्र. जेवता जेवता लिहितेय, त्यामुळे कुठं डाग दिसला तर तो जेवणाचा आहे, औषधाचा नाही. वास घेऊन बघू नकोस.

बातमी अशी की मला नव्या ठिकाणी टाकलंय. मुलांचं स्टेप-डाउन युनिट. अतिदक्षता विभागातून सुटलेली, पण साध्या वॉर्डात सोडायला अजून कुणाचा धीर होत नाही, अशी मुलं इथं येतात. आम्ही सगळे त्याला नुसतं 'मधली' म्हणतो. आणि मावशे, मी मधलीच्या प्रेमात पडलेय! अतिदक्षतेत मुलं निपचित असतात, आपण यंत्रांशीच बोलत बसतो. इथं मुलं बरी व्हायला लागलेली असतात, आणि बरं व्हायला लागलेलं मूल म्हणजे काय प्रकरण असतं ते तू मला सांभाळलंयस, तुला काय सांगू. परवा एकानं माझा स्टेथोस्कोप चावला. एकीनं मोठ्या बाईंच्या कोटाच्या पाठीवर बदकाचा स्टिकर चिकटवला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या युनिटच्या प्रमुख. त्या हसत नाहीत. त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्या बदकासकट सगळ्या मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीला जाऊन आल्या.

पण मधलीचं राज्य खरं चालवते ती आमची मुकादम. वय वर्षं चार. घशातली श्वासाची वाट जन्मापासून अरुंद, म्हणून गळ्याला पुढून एक छोटी नळी बसवलीय. ती तिथूनच श्वास घेते. वाट मोठी होईपर्यंत काही वर्षं ती नळी राहणार. बाकी पोरगी ठणठणीत. खाटेवर बसून बोट दाखवत सगळ्यांना कामाला लावते, म्हणून मुकादम. नळीमुळे आवाज फुटत नव्हता, पण मंगळवारी आम्ही नळीला एक छोटी झडप लावली. ती लावली की बोलता येतं. सगळा स्टाफ जमला. तिची आई रुमाल हातात घेऊन तयार, आता पोर "आई" म्हणणार म्हणून. मुकादमनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आमच्या जिराफाला म्हणाली, "तू खाली बस!"

जिराफ म्हणजे माझ्याबरोबरचा रेसिडेंट डॉक्टर, छताला डोकं लागेल इतका उंच. त्याच्याकडे बघून बघून तिची मान दुखत असणार. तो मुकाट्यानं जमिनीवर बसला आणि पुढचा सगळा राउंड त्यानं बसूनच केला. तिची आई रडायची ती हसत सुटली.

आता उद्याचं सांगते. मूल घरी जाण्याआधी इथं एक रिवाज आहे, त्याला 'हात खिशात'चा दिवस म्हणतात. आईबाबांनी कोपऱ्यातल्या खोलीत पूर्ण दिवस मुलाचं सगळं स्वतः करायचं. नळीतला कफ यंत्रानं ओढायचा, नळी बदलायची, खाणंपिणं, औषधं, सगळं. आम्ही खोलीतच, पण हात कोटाच्या खिशात. मुलाच्या जिवावर बेतलं तरच बाहेर काढायचे. उगाच काढले तर तो दिवस बाद, पुन्हा नव्यानं.

मुकादमची आई तयार आहे. पण ती दिवसा कामाला जाणार, म्हणजे खरा भार बाबांवर. बाबांचा धंदा घरसामान हलवण्याचा. कपाट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारा गडी, पण करंगळीएवढ्या नळीपुढं त्याला घाम फुटतो. उद्या ड्युटी माझी आहे. मला काय, नुसते हात खिशात घालून उभं राहायचं. इतकं सोपं काम मला डॉक्टर झाल्यापासून मिळालेलं नाही.

तुझी भिंगरी

११ जून

भिंगरे,

डाग जेवणाचाच आहे. वास घेतला.

तुझी मुकादम मला फार आवडली. माझ्याकडे पाठव, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला तशीच माणसं हवीत. इथं सध्या एक नवी शिष्या आलीय आणि तिनं माझ्या नाकी नऊ आणलेत. वयानं मोठी, हट्टी, आणि वळण आलं की चाकाऐवजी मान वळवते. वर मलाच म्हणते, "मला सगळं येतंय, गाडीलाच येत नाहीये." कुंपणाला घासली तर म्हणाली, कुंपण पुढं आलं. मी आजवर इतक्या लोकांना गाडी शिकवली, पण कुंपण चालतं हे मला पहिल्यांदा कळलं.

तुझा तो 'हात खिशात'चा दिवस कसा झाला ते सविस्तर लिही. आमच्या धंद्यात खिसे चालत नाहीत. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तुला माहीत आहे, लहानपणी तू तो दाबून दाबून माझ्या शिष्यांना रडकुंडीला आणायचीस. सगळी मास्तरकी त्या ब्रेकवर पाय न ठेवण्यात असते. मी तर पाय वर घेऊन मांडी घालूनच बसते.

आणि तो जिराफ बरा वाटतो. लहान मुलानं सांगितल्यावर जमिनीवर बसणारा पुरुष सहसा मिळत नाही. लग्नाचं बोलत नाहीये. नुसतं विचारतेय, घरी कोण कोण असतं त्याच्या?

तुझी मावशी

१७ जून

मावशे,

जिराफाच्या घरी त्याची बायको असते, जुळी मुलं असतात आणि सासू असते. तुझा संसार मांडून झाला असेल तर आवर.

इथं धमाल चाललीय. मुकादमला आता दिवसभर झडप लावतात, त्यामुळे तिच्या हुकमांना ऊत आलाय. काल तिनं फरशी पुसणाऱ्या मामांना सांगितलं की तिथं नाही, तिथं पुसा. मामांनी पुसलं. मग म्हणाली, आता वाळू दे, कुणी चालायचं नाही. मोठ्या बाई राउंडला आल्या तर मुकादमनं हात आडवा केला आणि म्हणाली, "ओलं आहे." मोठ्या बाई थांबल्या! मागं आम्ही सगळे थांबलो. एक खाट सोडून पलीकडच्या मुलाचे आजोबा लघवीला चालले होते तेही थांबले. फरशी वाळेपर्यंत मधलीचा सगळा कारभार ठप्प. बाईंच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही, पण मी शपथेवर सांगते, त्यांचे खांदे हलत होते.

मी आता नळी डोळे मिटून बदलू शकते. म्हणजे मिटत नाही, घाबरू नकोस. परवा मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचा हात फार जलद आहे. मी तर दिवसभर तरंगतच होते. नंतर जिराफ म्हणाला की त्या स्तुती करत नव्हत्या. त्याला काय कळतंय.

'हात खिशात'चा दिवस मध्येच बाद झाला. ऐन वेळी हात बाहेर आला, त्यामुळे पुन्हा घ्यायचाय. बाबा अजून तयार नाहीत असं वाटतं.

तुझ्या हट्टी शिष्येला माझा नमस्कार सांग. कुंपणालाही सांग.

तुझी भिंगरी

२२ जून

भिंगरे,

फरशीची गोष्ट मी शेजारणीला दोनदा वाचून दाखवली.

आता दुसरं. एवढं लांबलचक पत्र, त्यात ओल्या फरशीला एक अख्खा परिच्छेद, आणि ज्या दिवसाचं मी विचारलं होतं त्याला शेवटी चार ओळी. "हात बाहेर आला." कुणाचा? हात काही उंदीर नव्हे, आपणहून बिळातून बाहेर यायला. मी तुला लहानाचं मोठं केलंय. काचेची बरणी फुटली की तू मला घरातल्या सगळ्या न फुटलेल्या वस्तूंबद्दल भरभरून सांगायचीस.

उलट टपाली खरं लिही. रागावणार नाही. रागावले तरी पत्रातून आवाज चढत नाही.

मावशी

२८ जून

मावशे,

माझा. हात माझाच बाहेर आला.

आणि तू विचारायच्या आत सांगून टाकते, परवा दुसरा दिवस घेतला, त्यातही माझाच.

पहिल्या वेळी असं झालं. मुकादमच्या नळीत कफ खुळखुळायला लागला. बाबांनी यंत्र चालू केलं, कफ ओढायची बारीक नळी हातात घेतली आणि ते थांबले. फार नाही, तू घोटभर चहा पिशील इतकंच. पण माझ्या डोक्यात नुसता भोंगा वाजायला लागला आणि मला कळलं तेव्हा ती नळी माझ्या हातात होती आणि कफ निघालेलासुद्धा होता. मुकादमला काही म्हणता काही झालं नव्हतं. मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा जागचा हलला नव्हता. मोठ्या बाई दारातून एवढंच म्हणाल्या, "दिवस बाद."

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. खिशात आत मुठीच आवळून ठेवल्या. बाबा नळी गळ्याला धरून ठेवणारी फीत बांधत होते, त्यांची बोटं एवढाली, गाठ सुटली. मी हात इतक्या जोरात काढले की खिसा टराटरा फाटला. जिराफ हसायला लागला, सिस्टर हसायला लागल्या, मुकादम टाळ्या पिटायला लागली. मीही हसले असते, पण माझी नजर बाबांकडे गेली. ते एकटे हसत नव्हते.

नंतर जिन्यापाशी भेटले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही इतक्या शिकलेल्या. तुम्हाला धीर धरवत नाही म्हणजे मी काहीतरी भयंकर चुकत असणार. मला ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं." मी म्हटलं, नाही हो, तुमचं काही चुकत नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. ते मोठ्या बाईंना सांगून आले की तिसऱ्यांदा जमलं नाही तर मुकादमला अशा मुलांच्या कायमच्या केंद्रात ठेवू या, मला घरी न्यायला भीती वाटते. ते केंद्र चांगलं आहे गं. पण तिचं घर आहे, आई आहे, हा एवढा मोठा बाप आहे, आणि माझ्या चुळबुळ्या हातांपायी ती परक्यांच्यात वाढणार?

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं आता हजेरी घेणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात. तुमचे हात अतिदक्षतेत सोनं आहेत. पण इथं तुम्ही मुलांना बरं करायला नाही, त्यांच्या घरच्यांना शिकवायला आलात. तिसऱ्या दिवशीही ड्युटी तुमचीच." मी गयावया केली, जिराफाला लावा म्हणून. त्या म्हणाल्या, "तो खिशात हात घालून झोपू शकतो. त्याला शिकायचं काही उरलं नाही."

मावशे, मला जुना कोट पाठव आणि त्याचे खिसे हातांसकट शिवता येतील का बघ. मी खरंच सांगतेय.

जाता जाता, ती हट्टी शिष्या माझी आई आहे ना? "मला सगळं येतंय, गाडीलाच येत नाहीये" असं बोलणारं माणूस जगाच्या पाठीवर एकच आहे.

भिंगरी

२ जुलै

भिंगरे, माझे बाई,

हो, तुझीच आई. मला शपथ घातली होती तिनं, म्हणून बोलले नाही. तुला भेटायला स्वतः गाडी चालवत यायचंय तिला, तुझी तोंडात बोटं जायला हवीत म्हणून. आता तू काहीच माहीत नसल्यासारखं कर आणि वेळ आली की बोटं घाल.

आणि तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. मांडी घालून बसते म्हटलं ना, ते परक्यांच्या बाबतीत. ताई चाकामागं बसली की माझा पाय ब्रेकवरून हलत नाही. साधं कुत्रं आडवं आलं तरी मीच दाबते. परवा तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, किल्ली काढली आणि म्हणाली, "चालव तूच. मी बाजूला बसून नुसतं चाक फिरवते, लहान मुलांसारखं." इतकी दुखावली होती! कॉलेजला जाताना माझ्या वेण्या घालणारी माझी ताई, आणि मी तिच्यावर एका कुत्र्यापुरताही भरवसा ठेवत नव्हते.

मग मी काल एक केलं. मी शिष्यांबरोबर असते तेव्हा रस्ता बघतच नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी त्यांचं तोंड बघते. समोरून ट्रक येतोय, तर तो ट्रक यांना दिसला का, एवढंच मला हवं असतं. दिसला असेल तर चेहरा सांगतो, आणि चेहऱ्यानं सांगितलं की माझा पाय आपोआप निवांत होतो. ताईबरोबर मात्र मी सगळा वेळ रस्ता बघत होते, जणू गाडी मीच चालवतेय. काल मी तिचं तोंड बघितलं. कुत्रं आलं. तिला दिसलं. तिनं ब्रेक दाबला, आणि त्या कुत्र्याला खिडकीतून शिव्या पण दिल्या.

तुला काय जमतं ते तूच बघ. इस्पितळातलं मला कळत नाही, आणि नळी म्हणजे काही कुत्रं नव्हे. पण तू तिच्या नळीकडेच बघत राहतेस की काय, असं मला वाटतं. एकदा त्या बाबांचं तोंड बघ.

कोट पाठवत नाही. तू हात शिवून घेतलेस तर नाक कोण पुसणार तुझं?

तुझी मावशी

९ जुलै

मावशेऽऽऽ!

बस खाली. चहा घे. नको, चहा ठेव, सांडशील.

काल तिसरा दिवस झाला. सकाळी सगळं आईनं केलं, छान झालं. दुपारी आई जेवायला गेली आणि खोलीत बाबा, मुकादम, मी, जिराफ, आणि दाराशी मोठ्या बाई. जिराफ अर्थातच जमिनीवर. बाबांनी झडप काढून ठेवली आणि ते नळीची फीत बदलायला लागले. जुनी फीत सुटली, नवी अजून बांधायची होती, आणि नेमकी त्याच क्षणी मुकादमला शिंक आली. साधीसुधी नाही. नळी गळ्यातून उडाली आणि माझ्या बुटावर येऊन पडली.

मावशे, मॉनिटर किंचाळायला लागला. माझे दोन्ही हात खिशाच्या तोंडाशी आले, बोटं बाहेर डोकावली. आणि मला तुझं ते कुत्रं आठवलं. देवाशपथ, त्या क्षणी मला कुत्रं आठवलं! मी मुकादमच्या गळ्यावरून नजर ओढून काढली आणि बाबांचं तोंड बघितलं.

त्यांना दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. मी त्या माणसाचा चेहरा महिनाभर रोज बघतेय असं मला वाटत होतं, पण मी तो पहिल्यांदाच बघितला. घाबरलेला होता, पण गोंधळलेला नव्हता. डोळे आधी उशाशी ठेवलेल्या नव्या नळीकडे गेले, मग तिच्या गळ्याकडे, आणि ओठ हलायला लागले. मी ऐकलं. ते स्वतःशी पुटपुटत होते, "घाई नाही. तिरकं धर. जरा वर. आता खाली उतरव. सोड." ते कपाट जिन्यातून उतरवत होते, मावशे! इतक्या अलगद नळी बसताना मी आजवर बघितलेली नाही, माझ्या स्वतःच्या हातानंसुद्धा. श्वासाचा आवाज आला. आकडा वर चढायला लागला. बाबांनी फीत बांधली, गाठ ओढून बघितली, आणि मग माझ्याकडे वळले. "डॉक्टर, बरोबर?"

मी नुसती मान हलवत राहिले, वरखाली, वरखाली, बाहुलीसारखी.

मुकादम रागानं लाल होऊन झडपेकडे बोट दाखवत होती. लाव म्हणून. आम्हाला वाटलं पोर भेदरली, आता भोकाड पसरणार. बाबांनी झडप लावली. मुकादमनं माझ्या बुटाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि ओरडली, "पुन्हा!"

"नको!" आम्ही चौघंही एकदम ओरडलो. मोठ्या बाईंसकट!

मग बाबा हसायला लागले. तो एवढा थोरला माणूस खाटेच्या कडेवर बसून पोट धरून हसत होता आणि डोळे पुसत होता, खाट हलत होती आणि मुकादम त्यावर घोडा घोडा करत होती. मी हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात जिराफ खालून म्हणाला, "बाई, तुमचा हात बाहेर आहे." मी वळून बघितलं तर मोठ्या बाईंनी माझं कोपर गच्च धरलेलं. कधी येऊन धरलं मला कळलंही नव्हतं. अजून वळ आहे. बाईंनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि म्हणाल्या, "मुलीवर नाही, डॉक्टरवर आहे. चालतं." आणि खिशात घातला.

आज सकाळी मुकादम घरी गेली. केंद्राचं नाव बाबांनी काढलं नाही, इतर कुणी काढू दिलं नाही. आई सामान घेऊन पुढं, मुकादम बाबांच्या कडेवर, झडप लावलेली, जाता जाता प्रत्येक खाटेला सूचना. "तू दूध संपव." "तू रडू नको." जिराफाला म्हणाली, "ऊठ आता." तो उठला.

मी दाराशी उभी होते. मला काहीतरी छान बोलायचं होतं, लक्षात राहील असं, पण मी नुसते हात खिशात घातले. मुकादमनं माझ्याकडे नीट बघितलं. मी तिला रोज इथंच दिसते, सकाळी इथं, संध्याकाळी इथं, कधी खुर्चीत झोपलेली. तिच्या हिशेबी मीही दाखलच असणार. तिनं बाबांच्या खांद्यावर थाप मारून त्यांना थांबवलं, माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्या बाईंना विचारलं, "हिला कधी सोडणार?"

मोठ्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि मावशे, त्या हसल्या. सगळ्यांदेखत, दात दाखवून.

"हिलाही आजच," त्या म्हणाल्या. "बरी झाली ती."

तुझी,
बरी झालेली भिंगरी